सासरी गेली

मालतीबाईंचं रजिस्टर बघायला साहेबलोक मुद्दाम येत. खाडीकाठच्या चार गावांच्या त्या नर्स. गावात पोर जन्मलं की त्याची एक ओळ: आईचं नाव, बापाचं नाव, घर, आणि पुढे ट्रिपलच्या सुईचे नि पोलिओच्या थेंबांचे चौकोन. डोस दिला की चौकोनात तारीख. महिन्याच्या शेवटी चौकोनांची बेरीज तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि मग मुंबईत कुणीतरी सगळ्या राज्याची बेरीज मांडतं, असं त्यांना ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. त्या राज्याच्या बेरजेत आपल्यामुळे खोट निघू नये, एवढाच बाईंचा हट्ट. 'आधी नोंद, मग डोस' हे त्यांचं ब्रीद. रिकामा चौकोन त्यांना भातातल्या खड्यासारखा लागे.

आता या गावांची रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना झाला, फार तर तीन महिने, की जावई येतो आणि लेक बाळ घेऊन सासरी जाते. पोर जातं, पण माहेरच्या रजिस्टरात त्याचे चौकोन रिकामेच राहतात. बाई यावर फार चरफडत. शेवटी एका साहेबांनी युक्ती सांगितली: अशा ओळीवर लाल रेघ मारा, पुढे 'सासरी गेली' असं लिहा, म्हणजे ती ओळ हिशेबातून बाद. युक्ती कसली, पळवाट होती. पण बाईंना ती मनापासून आवडली, आणि त्या वर्षी मीटिंगमध्ये त्यांचं कौतुकही झालं.

बोनकोड्याच्या हिरामणची लेक पुतळा अशीच पहिलटकरीण होऊन माहेरी आली होती. मुलगा झाला, नाव नामदेव. अंगात रक्त कमी म्हणून आईने तिला तीन महिने ठेवून घेतलं, त्यामुळे पोराचा पहिला डोस बाईंच्याच हातून झाला. मग शिरवण्याहून तिचा नवरा धर्मराज आला, बायकोपोराला घेऊन गेला. बाईंनी रेघ मारली.

पुढे गावदेवीच्या जत्रेला पुतळा माहेरी आली. देवळाच्या ओसरीवर बाई बर्फाची पेटी उघडून बसल्या होत्या. पुतळाने पोर पुढे केलं.

"बाय, याचा दुसरा डोस र्‍हायलाय. दे ना."

"अगं, तुझी नोंद आता इथं नाही. सासरच्या नर्सकडं घे."

"तिच्याकडं गेलेली मी. ती बोलली, पहिला जिथं घेतला तिथंच फुडचं घे. तिच्या वहीत याचं नाव नाय."

"मग तिला सांग नाव घालायला. मी दिला तर लिहू कुठं?"

पेटीत पोलिओची बाटली होती. बर्फही पुरता वितळला नव्हता. दोन थेंबांचं काम. पण रेघ मारलेली ओळ पुन्हा उघडायची म्हणजे गेल्या महिन्याचा कागद खोटा ठरायचा, आणि खोटं काम करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. पुतळा पोर कडेवर घेऊन जत्रेतल्या पाळण्यांकडे गेली.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ते हेच. लावणीच्या दिवसांत नामदेवला ताप आला. ताप उतरला तेव्हा त्याचा उजवा पाय उचलत नव्हता.

ही बातमी बाईंना पुतळाची आई चांगुणाबाई हिच्याकडून कळली, तीही बोलता बोलता. चांगुणाबाईने दोष दिला नाही, नशिबाला बोल लावला. घरी येऊन बाईंनी रजिस्टर उघडलं. चूक शोधायला गेल्या, तर चूक सापडेना. पान चोख होतं, रेघेबाहेरचा एकही चौकोन रिकामा नव्हता. त्या चोखपणाची त्यांना शिसारी आली आणि त्या जेवल्या नाहीत.

त्यानंतर बाई बदलल्या. पोरीबाळींना सासरचं गाव विचारू लागल्या, तिथल्या नर्सला चिठ्ठ्या पाठवू लागल्या, चिठ्ठी पोचली का बघायला एसटीने स्वतः जाऊ लागल्या. एकदा मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाल्या, सगळ्या राज्याचं एकच रजिस्टर करा, पोर कुठंही गेलं तरी त्याची ओळ त्याच्याबरोबर जाईल. साहेब हसले. "मालतीबाई, एवढं मोठं रजिस्टर उचलणार कोण?" सगळे हसले. बाईंना हसू आलं नाही. ज्याने त्याने आपापलं पान उचललं होतं आणि पोर कुणीच उचललं नव्हतं, हे मनात घेऊन त्या खाली बसल्या.

काही वर्षांनी पुतळा पुन्हा ओसरीवर आली. आता कडेवर मुलगी होती आणि मागून नामदेव भिंतीला धरून येत होता. मुलगी शिरवण्याची, तिथेच जन्मलेली. पुतळा आपल्या भावाच्या लग्नाला तिला घेऊन आली होती. बाईंना पुतळाकडे बघवेना.

"बाय, हिला हितं देशील? का तिकडंच नेऊ?"

बाईंनी काही न विचारता मुलीचं तोंड उघडलं, थेंब सोडले, सुई टोचली. मुलगी रडली. पुतळा रजिस्टराकडे बघत राहिली. ते मिटलेलंच होतं.

"लिवलं नाय ते?"

"लिहीन मागाहून. तुझ्या नर्सला कळवीन."

"म्हंजे आदी नाय लिवलं तरी चालतं?"

"चालतं."

पुतळाने मुलीचे डोळे पदराने पुसले. मग नामदेवचा हात धरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग तवा का नाय चाललं, बाय?"

बाई बाटली पेटीत ठेवायला वाकल्या. पुतळा नामदेवच्या चालीने, सावकाश, पायर्‍या उतरू लागली.