हँडलवालं पातेलं

भांड्यांच्या दुकानात धूळ रोज झटकता येते, किस्से झटकता येत नाहीत. डिप्लोमा अर्धवट सोडून मी महाडला काकाच्या दुकानात उभा राहिलो, तेव्हापासून साठतायत. घरातले म्हणतात, पोरगा वाया गेला. वाया गेलेल्याला निदान बघायला वेळ असतो.

*

मे महिन्यात मूळचे उमरठचे एक मुंबईकर आले. "लोकल नको, इम्पोर्टेड डबे दाखव." काकाने खालच्या फळीवरचाच डबा आत नेला, फोममध्ये गुंडाळून बाहेर आणला. साहेबांनी झाकण तीनदा उघडलं. "असं फिनिशिंग आपल्याकडे होणार नाय."

मी डबा उलटा करून तळ दाखवला. मेड इन इंडिया.

साहेब हसले. "अरे, तिकडच्या कंपन्या हल्ली आपल्याकडून बनवून घेतात. क्वालिटी तिकडचीच!"

*

मग हँडलवाल्या पातेल्यांचा लॉट आला. पातेलं स्टीलचं, हँडलही स्टीलचं, वर लाकूड नाही की प्लास्टिक नाही. सेल्समन म्हणाला, नवीन डिझाइन. काकाने बोटाने टिचकी मारली, खणखण ऐकली आणि सगळा लॉट उतरवून घेतला. जन्मात स्वतःचा चहा न केलेला माणूस पातेलं पसंत करतो ते असं. त्यात दूध तापवायचं असतं, भजनात वाजवायचं नसतं.

*

पहिलं पातेलं मी हौसेने घरी नेलं. आईने दूध उतरवायला हँडल धरलं आणि तळहात भाजला. ती लोकांना भाकऱ्या करून देते. फोड आलेल्या हाताने भाकरी थापता येत नाही.

मी पातेलं काकासमोर आपटलं. "लॉट परत पाठव."

"वहिनींना धरता येत नाय. जरा लांबून धरायचं."

"लांबून म्हणजे कुठून? पोलादपुरातून?"

*

काकाने लॉट लग्नाच्या सेटमध्ये घुसवला. कुडपणहून नवरा-बायको मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते. बाईने हँडल चाचपलं. "तापतं काय हो हे?"

"तुला काय कळतंय गो त्यातलं," नवरा म्हणाला, आणि वळून काकाला तेच विचारलं, "तापतं काय?"

"पातेलं हाय. तापणारच."

दोघे पुरुष पोट धरून हसले. बाई हँडलकडेच बघत होती. काका मला म्हणाला, "नाव घाल." एकदा भांड्यावर नवरीचं नाव घातलं की माल परत येत नाही. अख्ख्या दुकानात काकाला नीट कळलेलं डिझाइन एवढंच.

नाव घालायचं मशीन माझ्या हातात होतं. मी वायर काढली. "तळहात भाजायच्या भांड्यावर मी नवरीचं नाव घालणार नाय."

गिऱ्हाईक सेट न घेताच गेलं. काका म्हणाला, "रविवारपर्यंत विचार कर. घालणार नसशील, तर सोमवारपासून येऊ नको."

*

काकाने स्वतःच्या घरी मात्र ते पातेलं नेलं नव्हतं. मी नेलं. काकीला आईच्या हाताचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पातेलं विसळलं आणि मांडणीवर ठेवलं.

रविवारी काकाने मला बोलावलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघे पाटावर बसलो. काकीने त्याच पातेल्यात चहा ठेवला होता. काकाने विचारलं, "मग काय ठरवलंस?" मी तोंड उघडेपर्यंत चहा वर आला. काकी शेगडीपासून बाजूला झाली.

"अगो, उतू जातोय," काका म्हणाला.

"मग उतरवा की."

काका उठला. हँडलपर्यंत गेलेला हात त्याने मागे घेतला. "फडकं कुठे हाय?"

"फडकं कशाला?" काकी म्हणाली. "हँडल हाय ना."