चोवीस तासांत उत्तर न आल्यास

मला बघून गेलेल्या लोकांना माझा रंग, उंची आणि दर्जा लेखी कळवण्यात आला. आणि ते कळवण्याची सगळी व्यवस्था मी स्वतः, तीन रविवार खपून केली होती.

अमरावतीत आमचा फर्निचरचा कारखाना आहे. (कारखाना म्हणजे टिनाचं शेड, दोन मशिनी आणि बाबा.) स्वयंपाकघरांची कामं मी करते. बाबांच्या हाताला तोड नाही, पण गिऱ्हाइकांचे पत्ते, मापं आणि फोन नंबर ते हाताशी येईल त्या प्लायवूडवर पेन्सिलीनं लिहीत. एकदा तर एका गिऱ्हाइकाचा नंबर मोर्शीच्या दुसऱ्याच माणसाच्या कपाटाची पाठ होऊन गेला. त्या गिऱ्हाइकाला फोन करायचा तर आधी मोर्शीला जाऊन कपाट सरकवावं लागायचं!

म्हणून मी मोबाइलवर सगळं आपोआप होईल असं बसवलं. बाबांनी फक्त फॉर्म भरायचा. मग गिऱ्हाइकाला मेसेज, दोन दिवसांनी आठवण, चौथ्या दिवशी शेवटची आठवण, आणि पाचव्या दिवशी आमच्या गजाननभाऊ मिस्त्रींना पत्ता पाठवून माप घ्यायला जायचा हुकूम. माझा सगळा राग एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकांवर होता: तासभर बघून "कळवतो" म्हणणारे आणि जन्मात न कळवणारे.

"बाबा, जो कोनी पाहून 'कळवतो' म्हनून गेला, त्याचा फॉर्म भराचा. मंग थो कोनीबी असो. समजलं?"

"समजलं ना बापा. कितीक वेळा सांगशीन?"

त्याच आठवड्यात अकोल्याहून वानखडे मंडळी मला बघायला आली. त्याआधी पाच स्थळं येऊन गेली होती. पाचही जणांनी पोहे संपवून एकच विचारलं होतं, "लग्नानंतर हे लाकडाचं काम सोडणार ना?" नीलेश वानखडेनं मात्र आमच्या टीपॉयचा खण तीनदा उघडून बंद केला आणि विचारलं, "हा आवाज कसा काय करत नाही?" मी त्याला खणाच्या पट्ट्यांबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं, आणि तो ऐकत होता! खोटं कशाला बोलू, मला तो तिथंच आवडला. न विचारता मी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

निघताना त्याची आई म्हणाली, "कळवतो."

मुलीकडच्यांनी आपण होऊन फोन करायचा नसतो, हे आमच्या आईचं शास्त्र. चार दिवस मी फोनकडे बघत काढले. मला हे स्थळ हवं होतं आणि विचारायची सोय नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. गजाननभाऊ!

"ताई, मी अकोल्याले वानखड्यायच्या घरी पोचलो. पन माप कायचं घेऊ? फॉर्मवर नुसतं 'सोनल' लिवलं हाय."

मी शेडमध्ये धावले. बाबा शांतपणे एका दाराला पॉलिश पेपर मारत होते.

"बाबा, वानखड्यायचा फॉर्म भरला तुमी?"

"भरला ना."

"अवो, पन थे मले पाहाले आले होते!"

"पाहून 'कळवतो' म्हनले का नाई? तूच त सांगतलं होतं, कोनीबी असो."

मी फॉर्म उघडला. कामाचा प्रकार: इतर. तपशील: सोनल. (रंग, माप भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकायचाच नाही. ही हुशारीही माझीच!) रंग: निमगोरा. उंची: पाच फूट दोन इंच. दर्जा: एक नंबर. विशेष सूचना: लवकर तापते.

"थे त खरंच हाय," खांद्यावरून वाचणारी आई म्हणाली.

नीलेशच्या आईला तीन मेसेज गेले होते. पहिल्यात माझं सगळं वर्णन आणि भेटीबद्दल आभार. दुसऱ्यात, "रंग व मापात बदल हवा असल्यास आताच सांगावे, नंतर होणार नाही." आणि तिसऱ्यात, "चोवीस तासांत उत्तर न आल्यास आपली मंजुरी गृहीत धरून आमचा माणूस जागेचे माप घेण्यास येईल."

माणूस गेला होता!

मी बाबांना गाडीत कोंबलं. मूर्तिजापूरपर्यंत मी रडले आणि मूर्तिजापूरनंतर बाबांना बोलले. बाबा एवढंच म्हणाले, "दर्जा एक नंबर लिवला ना मी!" त्यावर मला पुन्हा रडू आलं.

अकोल्याला पोहोचलो तर वानखड्यांच्या स्वयंपाकघरात गजाननभाऊ स्टुलावर उभे, आणि मापाच्या टेपचं दुसरं टोक नीलेशच्या आईच्या हातात!

"काकू, चूक झाली," मी दारातूनच म्हणाले. "थे मेसेज यंत्रानं पाठवले. तुमी आमाले माफ करा."

"बस वं पोरी. आता आली त ऐकून घे. आमीच भिऊन राहिलो होतो. हा ओटा पाह्य आमचा, दोन बाया उभ्या राहत नाई. जे पोरगी दुसऱ्याईचे सैपाकघरं करते, थे हासन ना आमाले! म्हनून म्हनलं होतं, कळवतो. हे मिस्त्री आले त म्हनलं, घ्या बापा, ओट्याचंच माप घ्या."

"मंग त्या मेसेजले उत्तर काहून नाई देलं?" मी विचारलं.

"मी देत होती! 'आमी कोनतंच सामान मांगतलं नाई' असं लिवाले बसली. पन या पोट्ट्यानं माया फोनच लपवला!"

सगळे नीलेशकडे वळले. तो भिंतीवरचं कॅलेंडर अगदी मन लावून वाचत होता.

"काहून रे लपवला?"

"त्याच्यात लिहिलं होतं ना आई," तो कॅलेंडरलाच म्हणाला, "चोवीस तासांत उत्तर नाही आलं तर मंजुरी समजू. म्हटलं, मग कशाला उत्तर द्यायचं."

गजाननभाऊ स्टुलावरून उतरले. मी लाजून कुठं बघावं ते न कळून ओट्याची रुंदी पुन्हा मोजली.

आधी ओटा झाला, मग लग्न. काम सोडायचा विषय कुणी काढला नाही. आता अकोल्याकडची सगळी कामं मीच बघते. आपोआप जाणाऱ्या मेसेजांमधला शेवटचा बंद करायचा मात्र मी विसरले. ओट्याला वर्ष पूर्ण झालं त्या सकाळी माझ्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंचा फोन टुणकन वाजला: "आमच्या कामाबद्दल आपण समाधानी आहात का? पाचपैकी तारे द्यावेत." त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ विचार केला आणि उत्तर पाठवलं.

ओटा: पाच तारे. सोनल: चार तारे. शेरा: माल चांगला हाय, पन आवाज करते.