सातच्या आळीतलं एक घर

"घाई बसला असते, गणिताला नसते."

कुरोसे बाईंचं हे वाक्य कुरुमिझावाच्या सगळ्या खोऱ्यात मुरलं होतं. मुळ्याचं लोणचं पिंपात मुरतं तसं. भात शिजायला वेळ लागला की बायका म्हणत, घाई बसला असते. न्हाव्याकडे गिऱ्हाईक कुरकुरलं की न्हावी वस्तरा पुसत तेच म्हणे. देवळातला म्हातारा भटजी तर मयताच्या मंत्रांनाही हेच वाक्य लावायचा. गावात एकाच माणसाच्या कपाळाला ते वाक्य ऐकून आठी पडायची, तो म्हणजे तोमिजी हायासाका. कारण ती बस तोच चालवायचा.

खोऱ्यात बस एकच. शाळेच्या फाटकापाशी सुटायची, नदीच्या काठाकाठाने उतरत खाली स्टेशनला जायची आणि गाडीतून उतरलेली माणसं घेऊन परत वर यायची. तोमिजीच्या समोर काचेखाली एक खाच होती, तिच्यात कंपनीचं गोल घड्याळ बसायचं. बर्फ पडो, दरड पडो, त्या घड्याळात सुटायची वेळ झाली की बस सुटायची. एकदा खुद्द सरपंच धोतराचा सोगा सांभाळावा तसा किमोनो सांभाळत धावत आले होते, तरी ती थांबली नव्हती. तोमिजीचा तो अभिमान होता, आणि गरिबाचा अभिमान हा घरातल्या एकुलत्या एका चांगल्या भांड्यासारखा असतो. तो रोज घासून पालथा ठेवायचा असतो.

कुरोसे बाई याच बसमधून वर आल्या होत्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, गालांवर थंडीने फुटलेली लाली. दूर समुद्राकाठच्या कोळ्याची मुलगी. नवरा लढाईत गेलेला. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि गावही विचारत नसे. तोफूवाल्याच्या माडीवर खोली घेऊन राहिल्या. पहाटे सोयाबीन भरडायचं जातं फिरू लागलं की उठायच्या आणि शाळेत सगळ्यांच्या आधी पोचून शेगडी पेटवायच्या.

त्यांची शिकवायची तऱ्हा निराळी होती. पर्सिमनची वाळवलेली सतरा फळं पाच जणांत वाटा म्हटल्यावर गिम्पेई नावाच्या पोरानं वहीत लिहिलं, 'प्रत्येकाला तीन, आणि दोन बाईंना.' बाईंनी त्याला मोठा लाल गोल दिला. म्हणाल्या, "बाकी म्हणजे काय ते या पोराला कळलंय. बाकी म्हणजे जे भांडण न करता वाटता येत नाही ते. ते बाईंना देऊन टाकावं."

आणि शाळा सुटताना एक प्रश्न द्यायच्या, वाटेवर चघळायला. नदीपलीकडच्या वस्तीची पोरं झुलत्या पुलावरून जायची आणि पलीकडच्या काठाला पोचली की ओरडून उत्तर द्यायची. बाई शाळेच्या पायरीवर उभ्या. उत्तर बरोबर असलं की दोन्ही हात डोक्यावर उचलून, बोटं जुळवून मोठा गोल करायच्या, वहीतल्या लाल गोलासारखा. चुकलं तर नाही म्हणायच्या नाहीत. नुसता कानामागे हात धरायच्या. म्हणजे, कसं काढलंस ते सांग. मग नदीच्या घोंघाटावरून हिशेबाची अशी ओरडाआरड चालायची की मासे पकडणारे शिव्या देत उठून जायचे.

तोमिजीची मुलगी किनुए, म्हणजे किनू, याच शाळेत होती. ती पहिलीत असताना पालकांनी वर्ग बघायचा दिवस आला. आईबाप ठेवणीतले कपडे घालून मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. फळ्यावर एकच बेरीज होती, आठ आणि सात. गिम्पेईनं तेरा सांगितलं.

"वा!" बाई म्हणाल्या. "कसं केलंस?"

"आठाला दहा व्हायला दोन लागतात. सातातनं दोन काढले. दोन दिले. राहिले तीन."

बाईंनी ते सगळं फळ्यावर लिहिलं आणि पुसलं नाही. पुसायचा त्यांचा रिवाजच नव्हता. बरोबर-चूक सगळं शेजारी शेजारी नांदायचं. पोरं बोलू लागली, भांडू लागली, गोट्या मांडू लागली. शेवटी कोपऱ्यातून किनूच उठली, बऱ्याच वेळानं, हळू आवाजात म्हणाली, "त्यानं काढले तेच दिलेत. दोनदा नाही काढायचे."

गिम्पेई कपाळावर हात मारून खदाखदा हसला. तास संपला.

बाहेर पडताना तोमिजीला राहवलं नाही. "बाई, अख्ख्या तासात एक बेरीज? तेवढ्या वेळात मी स्टेशन गाठतो."

"गाठता की," बाई म्हणाल्या. "पण किती जण मागे राहिले ते कधी मोजलंत, तोमिजीसान?"

सगळे हसले. तोमिजीही हसला, पण दात न दाखवता.

दुसरीत पाढे आले. आमच्याकडे दुसरीच्या वर्षात एक ते नऊचे पाढे तोंडपाठ झालेच पाहिजेत. दर पाढा बाईंसमोर उभं राहून म्हणायचा, अडखळला तर पुन्हा यायचं. जमला की वर्गाच्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढच्या घरात लाल गोल. बर्फ वितळू लागेपर्यंत सगळ्यांच्या ओळी भरल्या. गिम्पेईचीसुद्धा. फक्त किनूच्या ओळीत, सहा आणि आठच्या मधे, एक घर पांढरं राहिलं. पुढचा दात पडलेल्या पोरासारखी दिसायची ती ओळ.

तोमिजीनं ते मनाला लावून घेतलं. रात्री बस गावातच असायची म्हणून कंपनीचं घड्याळ त्याच्याबरोबर घरी यायचं. जेवण झालं की तो ते ताटाशेजारी ठेवायचा.

"हं, किनू. सातचा. चल."

"सात एके सात, सात दुणे चौदा..."

"लवकर. अडकू नकोस."

"सात त्रिक..." आणि किनूचे डोळे काट्यावर जायचे. काटा टकटक पुढे जायचा आणि पोर जागच्या जागी राहायची. तोमिजीची बायको फुसाए ताटं उचलता उचलता म्हणायची, "अहो, तिला गिळू द्या तरी."

"हिच्या वयात मला सगळे स्टॉप पाठ होते!"

"हिच्या वयात तुम्हाला शेंबूड पुसता येत नव्हता. सासूबाईंनीच सांगितलंय."

अशात बातमी आली की बाईंची बदली झाली. मार्चअखेर त्या जाणार, एप्रिलपासून नवे मास्तर येणार. नवे मास्तर कडक आहेत, त्यांच्या वर्गात मागे पडलेल्यांचा वेगळा बाक असतो, असंही कुणीतरी बसमध्ये बोललं. तोमिजीनं ऐकलं आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. त्या बाकावर किनू बसलेली त्याला काचेत दिसली. तो लहानपणी असाच एका बाकावर बसला होता. ते त्यानं फुसाएलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन तोफूवाल्याच्या जिन्यापाशी उभा राहिला. बाई सामान बांधत होत्या.

"बाई, तुम्ही जायच्या आत तेवढं एक घर भरा. चालवून घ्या. लाल शाई काय, एक थेंब."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. तोमिजीसान, नऊ पाढे म्हणजे नऊ आळ्या समजा. किनू आठ आळ्या फिरून आलीय. सात दुणे तिला दोनच्या आळीत भेटलंय, सात पंचे पाचच्या, सात अठ्ठे आठच्या. सातच्या आळीत शिरली की सगळी ओळखीची माणसं दारात उभी आहेत. नवीन घर एकच. सात सत्ते. ते दुसऱ्या कुठल्याच आळीत नाही. तिथं ती बिचकते. तिथलं दार तिनंच वाजवायचं."

"मग वाजवत का नाही?"

"मागे तुमचं घड्याळ उभं असतं ना. त्याला एक दिवस सुट्टी द्या."

"ते कंपनीचं आहे," तोमिजी ताठ होऊन म्हणाला.

"मग ताटाशेजारी कशाला वाढता?"

तो उठला, वाकून नमस्कार केला आणि खाली आला. रागानं त्याचे कान तापले होते. त्या रात्री घड्याळ त्यानं ताटाशेजारी ठेवलं नाही, खुंटीवरच्या कोटात राहू दिलं. पण भिंतीवरच्या कोटातूनही ते टकटकत होतं, आणि त्या रात्री किनूनं पाढा काढलाच नाही.

बाईंची ट्रंक आदल्या दिवशीच बसनं खाली गेली. निघायच्या सकाळी फाटकापाशी अर्धं गाव जमलं. फुकीच्या रानभाजीचे कोंब बर्फाला टोचून वर आले होते, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. कुणी लोणचं दिलं, कुणी पर्सिमनांची माळ, तोफूवाल्यानं तळलेल्या तोफूची पुडी. बाईंच्या हाती बघता बघता दोन जड पिशव्या झाल्या. गिम्पेई म्हणाला, "बाई, बाकी उरली तर आम्हाला द्या." सगळे हसले आणि हसता हसता बायकांनी पदर लावावा तशा बाह्या डोळ्यांना लावल्या.

बाईंनी बसच्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात फाटकाच्या खांबामागून किनू पुढे आली. लालबुंद झालेली.

"बाई, सात म्हणू?"

बाईंनी पाय खाली घेतला. पिशव्या जमिनीवर ठेवल्या. "म्हण की."

तोमिजीचे हात स्टिअरिंगवर होते. दार उघडं होतं. त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस." आवाज बारीक होता पण चालत होता. "सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस. सात सक बेचाळीस. सात सत्ते..."

आणि ती थांबली.

छपराचं पाणी ठिबकत राहिलं. किनूची नजर वर आली, बाईंच्या खांद्यावरून, उघड्या दारातून थेट काचेखालच्या खाचेवर गेली. तोमिजीनंही तिकडेच पाहिलं. वेळ झाली होती.

मागच्या बाकावरची मोहोरीबाय, जी डोळे दाखवायला शहरात चालली होती, ती म्हणाली, "थांब की रे तोमी, पोर म्हणतेय."

"आणि तुझी गाडी कोण थांबवणार, आजे?" तिच्या शेजारचा लाकूडतोड्या म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तोमिजीला थांबावंसं वाटत होतं. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान मागे वळवली. चेहऱ्यावर ना घाई, ना काळजी.

"निघा, तोमिजीसान. घाई बसला असते."

"पण बाई, तुमचं..."

"मी मागून येते, पुढची गाडी धरीन. झुलत्या पुलापलीकडनं पायवाट आहे, पाय आहेत. ते घड्याळ तेवढं न्या बरोबर."

तोमिजीनं दार लावलं. बस हलली, वळली, उताराला लागली. आरशात त्याला दिसलं की रस्त्यावर दोन पिशव्यांच्या मधे बाई उकिडव्या बसल्या आहेत, किनूच्या तोंडाच्या उंचीवर तोंड आणून. मग वळण आलं.

स्टेशनवर गाडी आली. मोहोरीबायला त्यानं हात धरून चढवलं. उतरलेली चार माणसं बसमध्ये घेतली. सगळं वेळेवर झालं, आणि वेळेवर झाल्याचं सुख त्याला त्या दिवशी झालं नाही. चढावर गिअर बदलताना तो ओठांतल्या ओठांत सात सत्ते, सात सत्ते म्हणत होता, जणू तो इथून म्हणाला तर तिला तिथं ऐकू जाईल.

खिंडीपाशी नदी अरुंद होते आणि पलीकडच्या काठाची पायवाट समोर येते. देवदारांच्या खाली, उरलेल्या बर्फावरून कुणीतरी चाललं होतं. बुटकी, रुंद हाडाची आकृती, दोन्ही हातांत पिशव्या.

तोमिजीनं ब्रेक दाबला. बस रस्त्याच्या मधोमध थांबली. तिथं स्टॉप नव्हता, कधीच नव्हता.

"काय झालं रे?" स्टेशनवर चढलेला एक लाकडाचा व्यापारी मागून म्हणाला. "इथं कसली थांबली?"

तोमिजीनं भोंगा वाजवला. वितळलेल्या बर्फानं नदी अशी गर्जत होती की आवाज पलीकडे पोचेल असं वाटेना. त्यानं काच खाली केली, टोपी काढली, पुन्हा भोंगा दाबला, लांब.

पलीकडे बाई थांबल्या. वळल्या. बस ओळखली. तोमिजीनं ओरडून विचारलं, काय विचारलं ते त्यालाही ऐकू आलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात कानामागे धरला.

बाईंनी एक पिशवी बर्फावर ठेवली. नीट, कलंडणार नाही अशी. मग दुसरी. सावकाश, अगदी सावकाश. आणि दोन्ही हात डोक्यावर उचलून, बोटाला बोट लावून, त्यांनी मोठा गोल केला.

बसमध्ये कुणालाच काही कळलं नाही, पण व्यापाऱ्यासकट सगळे खिडकीशी आले होते. घड्याळ खाचेत चालत होतं. "अरे तोमी, उशीर होतोय ना तुला?" कुणीतरी म्हणालं.

"होऊ दे," तोमिजी म्हणाला.

बाईंनी पिशव्या उचलल्या. एक खांदा जरा खाली, लोणच्याची बाजू जड. देवदारांच्या सावलीत त्या एकदा दिसेनाशा झाल्या, पुढच्या मोकळ्या जागी पुन्हा दिसल्या, आणि मग वाट वळली. तोमिजी टोपी छातीशी धरून, उघड्या खिडकीतून, त्या वळणाकडे बघत राहिला.