चवबाईची जीभ

सूपच्या कारखान्यात तिला सगळे 'चवबाई' म्हणत. एकोणीस वर्षं तिचं काम एकच. टाकीत शिजलेलं सूप चमचाभर चाखायचं, मीठ कमी वाटलं तर वाढवायला सांगायचं. तिने मान हलवली की मगच ते डब्यांत भरलं जाई. अलीकडे मागणी इतकी वाढली होती की एका पाळीच्या तीन पाळ्या झाल्या होत्या. घरी चिरत-शिजवत बसायला वेळ कुणाला होता?

तिच्या बाबांनाही नव्हता. म्हणजे वेळ भरपूर होता, स्वयंपाक येत नव्हता. आई गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटेच राहत. लेबल वाकडं लागलेले डबे कामगारांना घरी नेता येत. दर शनिवारी ती ते बाबांच्या फडताळात रचून ठेवी.

एका शनिवारी बाबांनी अनवाणीच दार उघडलं. चपलेत पाय शिरत नव्हता. तिने घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून यायचं नाव घेईना. ती त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. मग तिसऱ्यांदा.

"जेवायला काय असतं?"

"सूप," बाबा खुशीत म्हणाले. "दोन्ही वेळा. लेकीच्या कारखान्यातलं."

"अंगात पाणी साठलंय. हृदयावर ताण येतोय. डबे आजपासून बंद. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत किलोभर वाढलं तर तडक इथे या."

बाबांच्या घरी परतल्यावर तिने फडताळातला डबा हातात घेतला. मिठाचा आकडा लहानच होता, पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : एका वाटीसाठी. डब्यात अडीच वाट्या होत्या, आणि बाबा अख्खा डबा संपवत.

मग आपल्या घरी तिने निम्म्या मिठाचं सूप केलं. तिला ते नुसतं पाणी लागलं.

"बरोबर झालंय की," नवरा म्हणाला. "हल्ली तुझ्या हातचं सगळं खारट असतं. बोललो नाही इतकंच."

 दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातली स्वतःचीच जुनी वही काढली. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी लिहिलेलं 'मीठ वाढवा' आता जवळजवळ रोज होतं. ती सरळ मॅनेजरकडे गेली.

"साहेब, माझी जीभ गेलीय. मला मीठ कळत नाही."

"काहीतरीच काय! तक्रार एक नाही, खप दुप्पट झालाय. लोकांना हीच चव आवडते."

"त्यांच्याही जिभा माझ्यासारख्याच झाल्या असतील तर?"

मॅनेजर हसला, पण तिने हट्टाने लेखी दिलं. पंधरा दिवसांनी तिची बदली खोकी भरण्याच्या विभागात झाली. तिच्या जागी दोन मुली आल्या. मीठ किंचित उतरलं म्हणे. किती, ते तिला कुणी सांगितलं नाही.

बाबांची सूज ओसरली, पण पूर्ण नाही. रोज सकाळी सातला ती फोन करते. परवा सहा वेळा घंटी वाजली तरी ते उचलेनात. ती पायात चपला सरकवत होती, तेवढ्यात आवाज आला.

"अठ्ठावन्न आणि थोडं."

"थोडं म्हणजे किती, बाबा? काल नुसते अठ्ठावन्न होते."

"थांब गं, चष्मा शोधतो."

फोन कानाशी घट्ट धरून ती दारातच उभी राहिली.