चार्ज दिला, किल्ल्या नाही

निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि माझं मन थाऱ्यावर नव्हतं. व्यसनमुक्ती केंद्रातला वॉर्ड मी एकोणीस वर्षं सांभाळला, माझ्यानंतर कोण? रोज कामावर जाताना कसब्यात गणपतीपुढे उभी राहून मी एकच मागायचे, ‘देवा, माझ्या माघारी वॉर्ड सांभाळील असं कुणीतरी दाखव.’ डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर आठवड्याला एकेका नर्सला मी चार्ज देत होते, पण औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याच कमरेला. चार्ज त्यांचा, हुकूम माझा! मुलीही हुशार. काही झालं की, ‘सिस्टरांना विचारते हं,’ म्हणून मोकळ्या.

त्या मंगळवारी चार्ज शबनमकडे होता. कसबा पेठेतल्या बांगडीवाल्याची ही मुलगी, बोलायला मोजकी आणि तिखट. भेटीच्या वेळी मांजरी गावाहून एका पेशंटची आई आली. मुलाची दारू बंद होऊन दहावा दिवस होता. माउलीने पेढ्यांचा खोका पुढे केला. “देवाचा परसाद हाय, बाई. त्याच्या दोस्तानं दिलाय.” बाहेरचं खाणं उघडून पाहिल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम माझाच. पण प्रसाद कसा उचकायचा? मी म्हटलं, “जाऊ दे गं, प्रसाद आहे.”

शबनम जागची हलली नाही. “सिस्टर, आज चार्ज माझ्याकडे आहे ना? मग बघितल्याशिवाय नाही. तुम्ही आणला असता तरी नाही.”

भरल्या वॉर्डात! माझं डोकं तापलं. खोटं कशाला सांगू, ‘हिला काय कळणार प्रसादाचं,’ असंही मनात येऊन गेलं. त्याची आजही लाज वाटते.

तिने हात धुतले, एकेक पेढा हलकेच ताटलीत काढला. तळाच्या कागदाखाली झोपेच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप निघाल्या. आमच्या औषधांवर त्या पोटात गेल्या असत्या तर मुलगा हाती लागला नसता. आई मटकन खाली बसली. शबनमने तिला पाणी दिलं. “आई, तुमची चूक नाही. त्या दोस्ताकडून मात्र परत काही आणू नका.” मग तिने स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आणि माझा ऊर भरून आला. रोज देवाकडे जे मागत होते, ते समोर उभं राहून मलाच ‘नाही’ म्हणत होतं. देवावर भार टाकला म्हणायचं आणि किल्ल्या आपल्याच कमरेला ठेवायच्या, हीच माझी आजवरची भक्ती! ड्यूटी संपायच्या आत कमरेच्या किल्ल्या सोडून मी तिच्या हातात दिल्या.

महिन्याभराने मुलगा बरा होऊन घरी निघाला. आईने पुन्हा पेढे आणले. शबनमने खोका उघडला, कागद उचलून पाहिला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

“तपासलाय, सिस्टर. आता घ्या.”

मी तो कपाळाला लावला.