दिराच्या अंगणातली हिकरी

उन्हाळ्यात आयव्हा कॉडिलचा सगळा संसार अंगणातल्या हिकरीखाली यायचा. शेंगा तिथेच सोलायच्या, टोमॅटो तिथेच बरण्यांत भरायचे, आणि नवरा हॉबर्ट खाणीतून आला की त्याच्या काळ्या पाठीवर पाणीही तिथेच ओतायचं. झाड जुनं होतं. त्याची साल हातहातभर पट्ट्यांनी सुटून खोडावर लोंबायची. पानगळीच्या दिवसांत खाली पडणाऱ्या गोड बियांचा आयव्हा केक करायची, आणि केंटकीच्या त्या खोऱ्यात तशा केकला तोड नव्हती.

पुढे हॉबर्टच्या छातीत खाणीची धूळ बसली. आयव्हा त्याला घेऊन लेक्सिंग्टनच्या इस्पितळात गेली आणि अख्खा हिवाळा त्याच्या उशाशी बसून राहिली. शेवटी ती त्याला शवपेटीतून घेऊन परत आली, तेव्हा अंगणात फक्त बुंधा उरला होता.

"आतून पोकळ झालं होतं, वहिनी," धाकटा दीर डॉर्सी म्हणाला. "घरावर आलं असतं. तुझ्यासाठीच पाडलं."

आयव्हाने बुंध्यावर हात फिरवला. लाकूड काठापासून काठापर्यंत घट्ट होतं. ओंडके कुऱ्हाडीचे दांडे करणाऱ्या कारखान्यात गेले होते, आणि फांद्या डॉर्सीच्या मांस धुरावर मुरवायच्या धुरीघरात.

दफनानंतरच्या जेवणात डॉर्सीने स्वतः तिच्या ताटात हॅमचे काप वाढले. "घे, घे. हिकरीच्या धुरावरचा आहे."

घास तोंडात होता. पाद्री समोर बसला होता, थुंकणार कुठे? तिने तो गिळला, आणि मनाशी म्हणाली, तुलाही एक घास भरवीन. लोकांसमोरच.

कुजक्या पानांखाली तिला त्या झाडाच्या मूठभर बिया सापडल्या. खारींनी उकरू नयेत म्हणून तिने त्या बादलीत पुरून वर जाळी बांधली. बऱ्याचशा नासल्या, एक उगवली. तिचं रोप तिने बुंध्याशेजारी लावलं. हिकरी आधी खाली वाढते, मग वर. पाच-सहा वर्षांनीही ते रोप जेमतेम तिच्या गुडघ्याला लागत होतं.

तेवढ्या काळात डॉर्सीने ओढ्याकाठच्या उघड्या माळावर नवं घर बांधलं, पत्र्याच्या छपराचं. पहिल्याच उन्हाळ्यात तो टोपी हातात घेऊन आयव्हाच्या दारात आला.

"वहिनी, नुसतं भाजून निघतोय आम्ही. तुझ्या हाताला हिकरी येते म्हणतात. एखादं रोप दे ना."

"देते की," आयव्हा म्हणाली. "पण आत्ता नाही. थंडी सरता सरता ये."

फेब्रुवारीत ती ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली. झाडं सगळी उघडीबोडकी होती, पण तिला हवं ते रोप लांबूनच ओळखू आलं: शेंड्याची कळी गंधकासारखी पिवळीजर्द. ती कडू हिकरी. तिचा गर भुकेली खारसुद्धा टाकून देते. मूळ गाजरासारखं सरळ खोल गेलेलं. ते तुटू नये म्हणून आयव्हाने अर्धा दिवस गुडघ्यांवर बसून खणलं. रोप मरून चालणार नव्हतं.

डॉर्सीला तिने सगळं नीट शिकवलं. खड्डा खोल घे, सशांसाठी जाळी लाव, दोन उन्हाळे पाणी चुकवू नकोस. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"कळी पिवळी का गं हिची?"

"लहानपणी असायचीच."

झाड झरझर वाढलं. डॉर्सी फुगला. "तुझ्या झाडाच्या देठाला पाच पानं, माझ्या झाडाला नऊ," तो चर्चच्या दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा.

"तुझी जमीन कसदार," आयव्हा म्हणायची.

"साल मात्र सुटत नाही अजून."

"सुटेल. घाई काय आहे?"

घाई तिलाही नव्हती. दर रविवारी घरी जाताना ती त्या झाडाकडे बघायची, आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे.

डॉर्सीचे केस पिकले, आणि एका वर्षी झाडाला बिया आल्या. त्याने एकही घरी फोडली नाही. चर्चच्या वार्षिक जेवणाला तो टोपली घेऊन आला आणि टेबलाच्या मधोमध मांडून बसला.

"बघा, कवच किती पातळ. बोटांनी फुटतं. हॉबर्टच्या झाडाला हातोडा लागायचा."

गर हातोहात फिरला. म्हाताऱ्या पाद्र्याने भिडेखातर गिळला आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. बाकीच्यांनी रुमालात थुंकलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच. डॉर्सीने स्वतः एक चावली. तोंड वाकडं झालं तसं त्याने आयव्हाकडे पाहिलं. ती शांतपणे पावट्याच्या शेंगा खात होती.

"ही तू दिलीस."

"दिली."

"तुला ठाऊक होतं."

"आणखी घे की," आयव्हा म्हणाली. "लाजू नकोस."

टेबलावरचं हसणं थांबलं. तोडलेलं झाड कुणी विसरलं नव्हतं.

डॉर्सी घरी जाऊन करवत घेऊन निघाला, तर बायको लोरेटा झाडाखाली खुर्ची टाकून बसलेली. "याला हात लावलास तर मी बहिणीकडे जाईन. अख्ख्या माळावर एवढीच काय ती गार जागा आहे." झाड राहिलं. दर वर्षी पानगळीत त्या कडू बिया पत्र्यावर ताडताड पडत, आणि खोऱ्यात कुणीही भेटलं की विचारी, "काय डॉर्सी, यंदा पीक कसं?"

आयव्हाच्या झाडाची साल आता कुठे सुटायला लागली होती. बिया अजून नव्हत्या, आणि तिचं वय झालं होतं.

एका जुलैत औषधं घेऊन येताना तिला डॉर्सीच्या घरासमोरच घेरी आली. लोरेटाने तिला हाताला धरून झाडाखाली नेलं. डॉर्सीने तिच्याकडे न बघता आपली खुर्ची पुढे सरकवली आणि आत जाऊन पाणी आणलं. आयव्हा बरं वाटेपर्यंत तिथे बसली. सावली दाट होती, गार होती, हॉबर्टच्या झाडाइतकीच चांगली. घरी पोहोचेपर्यंत तिला याचाच राग येत राहिला.