काखेतलं उटणं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. देवासमध्ये नळ-पाइपांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. पाणी गळतंय म्हणजे कुठेतरी भोक असणारच, एवढंच माझं शास्त्र. म्हणून इथे लिहितोय... कुणाला भोक सापडलं तर सांगा.

आई लवकर गेली. मला धारच्या ताईनं वाढवलं. दिवाळीला नागरमोथा घालून घरी कुटलेलं उटणं तीच लावायची. "हात वर कर! काख राहिली." मी चाळिशी ओलांडली तरी तेच.

गेल्या वर्षी ती मांडूच्या रस्त्याला झुडपांत सीताफळं तोडायला गेली. विकतची तिला चालत नसत. मग ताप... टायफॉइडची औषधं चालली, आणि नवव्या दिवशी ती गेली. शेवटची आंघोळ घालताना माझ्या बायकोला तिच्या कमरेवर, साडीच्या गाठीखाली काळा डाग दिसला — विडीचा चटका बसावा तसा. धारच्या डॉक्टरशी मी असा भांडलो की गल्ली गोळा झाली.

यंदा वर्षश्राद्धाला तीच सीताफळं हवीत म्हणून मी त्याच झुडपांत शिरलो. दहा दिवसांनी मलाही ताप. देवासच्या दवाखान्यात डेंग्यू नाही, मलेरिया नाही, काहीच सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तपासताना डॉक्टरबाई भडकल्या, "भिया, बगल में ये लेप किसने लगाया? घरेलू इलाज यहाँ नहीं चलेगा!"

"मॅडम, मैंने कुछ नहीं लगाया."

बायको म्हणाली, "अहो, मी तरी कशाला लावीन?"

बाईंनी ओल्या कापसानं लेप पुसला. खाली काळी खपली. त्यांनी कापूस टाकला आणि वाकून ती नीट बघितली.

"झाड़ियों में गए थे? स्क्रब टायफस लगता है. बारीक कीड़ा काटता है, उसी से."

तपासणीतही तेच निघालं. गोळ्या बदलल्या, दोन दिवसांत ताप उतरला.

मी विचारलं, "ये निशान कमर पर भी होता है?"

"कहीं भी. कपड़ों के नीचे छिपा रहता है, पूरा देखना पड़ता है."

धारचा डॉक्टरही हेच म्हणाला होता. तेव्हा मीच दारात आडवा उभा राहून घासाघीस केली होती — "नाड़ी देखो, जीभ देखो, बस. हमारे घर की औरतें ऐसे नहीं दिखातीं." आता कुणाशी भांडू?

लेपाला नागरमोथ्याचा वास होता. ताईच्या उटण्याचा डबा घरी जाऊन उघडला — वर्षभर रिकामाच. भोक अजून सापडलेलं नाही.

आंघोळीला बसलो की रोज हात वर करतो आणि थोडा थांबतो... कुणी काही म्हणत नाही.